गडगडाटाऐवजी

मित्रांनो, गाणं लागलं की ज्याचा आवाज कानांपेक्षा पोटात जास्त जाणवतो, तो मी. मी एक जुना, घरी बनवलेला सबवूफर आहे. दुकानातून आलेल्या माझ्या भाऊबंदांचं अंग चकचकीत असतं, पुढे नाव कोरलेलं असतं. माझ्या एका बाजूला कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कडीची भोकं आहेत. ती बुजवलेली आहेत, पण उजेड तिरपा पडला की दिसतात. त्यांची मला लाज वाटत नाही. लाज कशाची वाटते ते आता सांगतो. सांगताना अडखळलो तर समजून घ्या.

मला एका सुताराने बनवलं. गिऱ्हाइकं त्यांना मिस्त्री म्हणत, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो. खाली त्यांचं वर्कशॉप आणि वर घर. दिवसभर दारं-खिडक्या करायच्या आणि उरलेल्या वेळात जुने रेडिओ उघडून बसायचं, ही त्यांची आवड. कुणीतरी मोडीत काढलेल्या कपाटाचं प्लायवुड त्यांच्याकडे पडून होतं. ते कापून, सरस लावून, खिळे ठोकून त्यांनी माझं खोकं केलं. पुढे मोठा स्पीकर बसवला. आतला वारा बाहेर यावा म्हणून सांडपाण्याच्या पाइपाचा उरलेला तुकडा खाली खोचला. माझा जोडीदार अ‍ॅम्प्लिफायर एका जुन्या रेडिओच्या पेटीत बसला. तो नसेल तर मी मुका.

पहिल्यांदा गाणं लागलं तेव्हा भिंतीवरच्या करवती किणकिणल्या. वरून मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला, "अहो, इथे भांडी नाचायला लागली! आवाज कमी करा!" मिस्त्री एवढे खूश झाले, की त्यांनी आवाज कमी केलाच नाही.

मला तेव्हा फार गर्व झाला होता. मी कसा बनलोय हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

मिस्त्रींना एक मोठी बहीण होती. ते तिला ताई म्हणत. ताई शाळेत भूगोल शिकवायच्या आणि हौशी मंडळींच्या नाटकांत कामं करायच्या. लहानपणापासून भाऊ सतत काहीतरी ठोकत बसायचा म्हणून त्या त्याला 'ठोक्या' म्हणत. एके दिवशी त्या वर्कशॉपमध्ये आल्या आणि म्हणाल्या, "ठोक्या, आमच्या नाटकात वीज पडते, पण आवाज येतो पत्रा हलवल्यासारखा. तुझं ते खोकं देशील?"

"देशील काय? मीच घेऊन येतो. खुर्च्या हादरल्या नाहीत तर नाव बदलीन."

तालमीत सगळं छान झालं, कारण तालमीत आवाज बेताचा ठेवला होता. प्रयोगाच्या संध्याकाळी मात्र हॉल माणसांनी गच्च भरला. समुद्रावर गेलेला मुलगा परत येणार नाही हे कळलेली म्हातारी आई उघड्या दाराशी उभी आहे, असा तो प्रसंग होता. ताईंनी तो इतका रंगवला होता, की पुढच्या रांगेतल्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. आता वीज पडायची. दिग्दर्शकाने पलीकडच्या विंगेतून हाताने खूण केली, वाढवा, अजून वाढवा. मिस्त्रींनी बटण शेवटपर्यंत फिरवलं.

मी अंगातला सगळा जोर लावला. पण माझा पाइप आखूड आणि अरुंद होता. एवढा वारा त्यातून जाणार कसा? आणि मित्रांनो, गडगडाटाऐवजी जो आवाज आला, तो सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. वर्गात कुणाचं पोट बिघडलेलं असलं की जो आवाज येतो आणि मग जो तो दुसऱ्याकडे बघू लागतो, तो आवाज. आणि तोही लांबलचक.

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि सगळा हॉल हसत सुटला. ताई तशाच उभ्या होत्या. त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, "माझं बाळ आलं का हो?" लोक आणखी हसले. डोळ्यांना लावलेले पदर आता तोंडावर गेले होते. शेवटी घाईघाईने पडदा पाडावा लागला.

मिस्त्रींनी वायरी ओढून काढल्या, मला छातीशी धरलं आणि मागच्या दाराने काढता पाय घेतला. त्यांचं काळीज माझ्या फळीवर धडधडत होतं. ताईंना ते भेटले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि त्यानंतर बरेच दिवस नाही.

पुढचं मी वरून येणाऱ्या बोलण्यातून ऐकलं. शाळेत ताई वर्गात शिरल्या की मागच्या बाकांवरून कुणीतरी तोंडाने तो आवाज काढायचा. ताईंनी नाटकात काम करणं सोडलं. त्या घरी यायच्या तेव्हा मिस्त्रींना नेमकं कुठेतरी दार बसवायला जायचं असायचं. "ताई विचारत होत्या तुम्हाला," बायको सांगायची. मिस्त्री हं म्हणायचे आणि रंधा जोरात चालवायचे.

मला त्यांनी फेकलं नाही. कोपऱ्यात ढकललं, वर गोणपाट टाकलं आणि मी गिऱ्हाइकांची बसायची जागा झालो. माझ्यावर सरसाचे डबे ठेवले गेले, चहाचे कप ठेवले गेले. माझ्या स्पीकरची फोमची कड हळूहळू विरून भुगा झाली. मला वाटायचं, बरंच आहे. ज्याने आपल्या माणसाचं हसं केलं त्याचं तोंड झाकलेलंच बरं.

वर्षं गेली. ताई निवृत्त झाल्या. एके सकाळी त्या पुस्तकांचं कपाट सांगायला आल्या. मिस्त्री रंध्यावर होते, त्यांना पळायला वाव मिळाला नाही. ताई येऊन बसल्या त्या नेमक्या माझ्यावर.

"ठोक्या, हे स्टूल डुगडुगतंय रे."

मिस्त्रींचा रंधा थांबला. "ते स्टूल नाहीये, ताई."

"मग काय आहे?"

मिस्त्री रंध्याचं पातं पुसू लागले. जिन्यात चहा घेऊन उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "सांगा की आता. किती दिवस लपवणार?"

ताईंनी उठून गोणपाट ओढलं. माझा फाटका स्पीकर उघडा पडला. मित्रांनो, त्या वेळी जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. वाटलं, आता एक लाथ बसणार.

"अगबाई, हे अजून आहे? टाकून का नाही दिलंस?"

"टाकायला न्यायचं तर सगळ्यांच्या देखत रस्त्याने न्यावं लागलं असतं," मिस्त्री पुटपुटले.

ताई हसल्या, पण ते हसू टिकलं नाही. "लोक हसले ते मी कधीच विसरले. पोरंही दमली चिडवून. पण पडदा पडल्यावर मी तुला शोधत होते रे. म्हटलं, ठोक्या येईल आणि आपण दोघं पोट धरून हसू. तू आलासच नाहीस. मी तोंडाचा रंग न पुसता एकटी चालत घरी गेले."

"कोणत्या तोंडाने येणार होतो, ताई?"

"आहे त्याच तोंडाने यायचं होतंस."

मिस्त्रींनी हातातल्या लाकडाच्या छिलक्याचं चुरून चुरून पीठ केलं. मग ताईंनीच पदर खोचला. "उघड ते. बघू तरी, आत एवढं काय बिघडलं होतं."

गंजलेले स्क्रू करकरत निघाले. डॉक्टरपुढे शर्ट काढून उभं राहावं तसं मला झालं. आत कोळ्याची जाळी होती, मेलेलं झुरळ होतं. ताई बॅटरी धरून वाकल्या, मिस्त्रींनी सांध्यांवरून बोट फिरवलं आणि एका कोपऱ्यात ते थांबलं. "बघ ताई. इथे सरस पोचलाच नव्हता. इथूनही वारा जात होता. घाई केली मी."

पुढचे कित्येक दिवस ताई रोज येत राहिल्या. मिस्त्रींनी माझे सगळे सांधे नव्याने भरले. माझ्या भिंती थरथरू नयेत म्हणून आत आडवी पट्टी ठोकली. स्पीकरला रबराची नवी कड लावून आणली. जुना पाइप उपटून रुंद, लांब पाइप बसवला. तो खोक्यात मावेना म्हणून मध्ये वाकवला आणि वारा न अडखळता जावा म्हणून त्याचं तोंड घासून गोल केलं. अ‍ॅम्प्लिफायरमधले फुगलेले कपॅसिटर बदलले. मला न झेपणारा अगदी खोल आवाज माझ्यापर्यंत येऊच नये म्हणून एक फिल्टर जोडला. जोर जास्त झाला तर आधी फ्यूज उडावा, अ‍ॅम्प्लिफायर जळू नये, अशीही सोय केली.

मग चाचणी. ताई माझ्या पाइपासमोर कागदाची पट्टी धरून बसल्या. आवाज वाढवला तशी पट्टी हलली, पण वारा काही बोलला नाही. एवढ्यात झिर्र्र असा आवाज आला. मिस्त्रींचा चेहरा उतरला. माझाही उतरला असेल. ताईंनी इकडे तिकडे कान लावला आणि फळीवरचा खिळ्यांचा डबा उचलला. आवाज बंद. "हा होता चोर! उगाच बिचाऱ्यावर आळ." त्या इतक्या हसल्या, की मिस्त्रींची बायको बघायला खाली आली.

त्या वर्षी ताईंनी गल्लीतल्या माणसांना घेऊन एक छोटं नाटक बसवलं. रेल्वेच्या रुळांशेजारच्या घराची गोष्ट होती. गाडी दिसायची नाही, नुसती जमिनीतून जाणवायची.

"दुसरं भाड्याने घे, ताई," मिस्त्री म्हणाले.

"मी विचारत नाहीये. सांगतेय. तू आणि तुझं खोकं, दोघांनी यायचं."

प्रयोग सुरू झाला. पहिली गाडी गेली तेव्हा लोकांनी खुर्च्यांचे हात धरले. मी सुटकेचा निःश्वास सोडला. दुसरी गाडी यायच्या वेळी ताई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "आली वाटतं गाडी." मिस्त्रींनी बटण दाबलं आणि काहीच आलं नाही. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा विझला होता. फ्यूज उडाला होता.

ताई खिडकीशी उभ्या. हॉलमध्ये कुजबुज. मग एक दबकं हसू. मी ते हसू ओळखलं आणि माझ्या नव्या रबराच्या कडेपर्यंत गार पडलो. पुन्हा मीच, पुन्हा ताईंच्याच वेळी! मिस्त्रींनी मागच्या दाराकडे पाहिलं. मी ते पाहिलं. दार उघडंच होतं.

पण ते सरळ रंगमंचावर, उजेडात जाऊन उभे राहिले. शर्टावर भुसा होता.

"मंडळी, माफ करा. यंत्र मी घरी बनवलंय. फ्यूज गेलाय. दोन मिनिटं द्या."

"गाडी लेट आहे म्हणा की!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मिस्त्रींचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत.

ताईंनी शांतपणे एक खुर्ची ओढली. "बसते मग. या गाडीचं रोजचंच आहे."

आता सगळा हॉल हसला, त्या दोघांसोबत. मिस्त्री लोकांच्या देखत अ‍ॅम्प्लिफायरपाशी गुडघे टेकून बसले. स्क्रू हातातून सुटला आणि घरंगळत ताईंच्या पायाशी गेला. ताईंनी तो उचलला, चष्मा वर करून बघितला आणि भावाच्या तळहातावर ठेवला. फ्यूज बसला. दिवा लागला. आणि गाडी आली, जमिनीखालून, लांबून, सावकाश.

मित्रांनो, माझी लाज पुरती गेली असं मी म्हणणार नाही. लोकांसमोर नेलं की आजही मला आतून कापरं भरतं. पण त्या दिवसापासून मिस्त्रींनी माझ्यावर काहीही झाकलेलं नाही. दर थोड्या दिवसांनी ते माझे स्क्रू आवळतात, पाइपातली धूळ पुसतात, वायरींचे जोड तपासतात. तुमच्याही घरात एखादी वस्तू असेल. नको त्या वेळी दगा दिला म्हणून कोपऱ्यात टाकलेली. तिला एकदा उजेडात आणा, उघडा, आत काय सुटलंय ते बघा. आणि दुरुस्त व्हायला वेळ लागणार असेल, लोक बघत असतील, हसत असतील, तर तेवढा वेळ तिच्याजवळ उभे राहा. आमच्यासारख्यांना त्याहून जास्त काही लागत नाही.