बंदांचे लंगोट

बाळाला कसले लंगोट घालायचे, यावरून घरात महाभारत व्हावं? पण जावा बेटावरल्या क्लातेन गावच्या त्या घरात ते होत होतं, आणि निकेनचं डोकं त्यापायी पार उठलं होतं. तिच्या बहिणीने सोलोहून बटणांचे, आत मऊ घडी सरकवायचे लंगोट पाठवले होते. सासूने ते पाहून नाक मुरडलं. "त्यात पोर उकडून निघेल," म्हणाली, आणि पेटीतून जुने, बंदांचे, सुती लंगोट काढून दिले. सेनोचे, म्हणजे निकेनच्या नवऱ्याचे, लहानपणचे. धुऊन धुऊन इतके विरलेले की बाळ मुतलं की सगळी चादर ओली, आणि बंद पोटाला रुतायचे ते वेगळेच.

"मास, तुम्ही तरी बोला ना इबूंशी," निकेन नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याला 'मास' आणि सासूला 'इबू' म्हणायची तिथली रीत.

सेनोने मोबाइलवरून मान वर केली नाही. "घाल की तेच. मी त्यातच वाढलो ना? मला काय झालं?"

त्यातून ते पिळायचेही नाहीत. बाळाचं फडकं पिळलं तर बाळ तळमळतं, हे तिथे कुणाला सांगावंही लागत नाही. निकेनच्या आईनेही तेच बजावलं असतं. म्हणून लंगोट निथळत्या अंगाने दोरीवर जायचे, दमट हवेत कुबट वास धरायचे, आणि बाळाच्या मांड्या लालभडक झाल्या होत्या.

त्या दुपारी शेवटचा कोरडा लंगोटही भिजला. सासू बाजारात गेलेली, बादली ओल्या लंगोटांनी भरून वाहत असलेली. निकेनला रडूच कोसळलं. मोरीत बसून तिने एक लंगोट उचलला आणि कोंबडीची मान मुरगळावी तसा करकचून पिळला. मग घाबरून धावत जाऊन पाहिलं, तर बाळ मुठी सैल सोडून गाढ झोपलेलं. शेजारी सेनो झोपेतच पोट चोळत कूस बदलत होता.

"म्हणे तळमळतं!" ती पुटपुटली आणि परत येऊन दुसरा लंगोट आणखी जोराने पिळू लागली.

आतल्या खोलीतून सेनो ओरडला. ती धावली. तो गुडघे छातीशी घेऊन, पोट धरून चटईवर पडला होता. थोड्या वेळाने सावरला. "मिरचीचं सांबल जास्त खाल्लं बहुतेक," म्हणाला.

निकेन मोरीत परतली. पिळलेला लंगोट उलगडून तिने त्याचे विरलेले बंद निरखले. मग तोच लंगोट घेऊन तिने हलकेच एक पीळ दिला. आतून कण्हणं आलं. हात सैल केले, कण्हणं थांबलं.

तेवढ्यात सासू बाजारातून आली. पीळ पडलेलं फडकं तिने पाहिलं, आणि हातातली भाजी तशीच धरून ती मोरीच्या दारात खाली बसली. ओरडली मात्र नाही.

"तुझे ते बटणांचेच घाल, पोरी. आजपासून. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त माझे हे मला परत दे."

याच वाक्यासाठी निकेन इतके दिवस झुरली होती. आता ते मिळालं, तर तिला काहीच वाटेना.

"राहू द्या हो, इबू. एवढ्या मायेने दिलेत. आता कुठे मला त्यांची सवय होतेय."

तिने बादलीतून एक लंगोट काढला, झटकला आणि दोन्ही टोकं मुठीत धरली.

आतल्या खोलीतून मोरी दिसत नव्हती. तरी तिथून सेनो अगदी हळू आवाजात म्हणाला, "निकेन, नको."