सहा अंशांची खोली

आमच्या किचनमागच्या सर्व्हिस यार्डात, वॉशिंग मशीनच्या शेजारी, हिवाळा राहायला आला होता. बाहेर सिंगापूरचं चोआ चू कांग नेहमीसारखं घामेजलेलं, दोरीवरचे लंगोट दोन तासांत कडक वाळणारे, आणि त्याच दोरीखाली एका पारदर्शक पेटीत सहा अंश.

पेटी जान्हवीच्या झाडासाठी होती. ती तीन वर्षांची असताना सफरचंद खाता खाता तिच्या दाताखाली बी आली. तिनं ती थुंकून थेट कुंडीत खोचली आणि ती उगवली. आता जान्हवी सहा वर्षांची आहे आणि झाड तिच्या खांद्याला लागतं. म्हणजे लागत होतं, कारण यंदा ते वाढायचंच थांबलं. पानं कडांनी करपली, पण गळेनात. नवी येईनात. नागसेननं बरंच वाचून काढलं आणि मला हळूच म्हणाला, "थंड मुलखातलं झाड आहे. त्याला वर्षातून एकदा झोप लागते. इथं कुणी झोपूच देत नाही त्याला. असंच चाललं तर फार दिवस नाही टिकणार."

हळूच बोललेलं जान्हवीला नेमकं ऐकू येतं. ती वरणात बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "डॅडी, यू फिक्स."

नागसेन चांगी बिझनेस पार्कला सर्व्हरच्या खोल्या थंड ठेवायचं काम करतो. त्यामुळे तो लगेच कामालाच लागला. ॲल्युमिनियमची चौकट, दुहेरी पॉलीकार्बोनेटच्या भिंती, सांध्यांना फोमच्या पट्ट्या, आणि मागच्या बाजूला दार काढून जोडलेला एक जुना छोटा फ्रिज. तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट. आत एक दिवा, रोज थोडा लवकर मालवणारा.

"लोक असलं घर ऊब धरायला बांधतात," मी म्हटलं.

"आपण उलटे."

"झाडाला सहा अंश. बायकोला मात्र एसी पंचविसाच्या खाली नाही."

"तू पानं गाळून दाखव, तुलाही देतो."

एकदम सहावर नेलं नाही. आधी वीस, मग दोन-दोन अंशांनी खाली. पानं पिवळी झाली, तांबूस झाली, आणि एका सकाळी सगळी तळाशी पडलेली. जान्हवीनं पेटीला नाक चिकटवलं. सिंगापूरला जन्मलेल्या मुलीनं अशी पानगळ कुठं बघितली असणार?

"इट डाइड?"

"झोपलं. आता दीड महिना दार उघडायचं नाही, पाणी नाही, काही नाही. मग उठेल."

"प्रॉमिस?"

मी हो म्हटलं.

त्याच सुमारास नागपूरहून नंदाताई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुगतला सांभाळायला आल्या. सुगत सात महिन्यांचा, आणि झोपेशी त्याचं वैर. आईंनी त्याला मांडीवर घेतलं की तो झोपायचा आणि मला अर्धा तास मिळायचा. कधी अंघोळीला, कधी चार ओळी लिहायला.

मग पेटीचं बिघडलं. नागसेनला ऑफिसातून फोनवर तिचं तापमान दिसायचं. रोज दुपारी ते सहावरून अकरावर उडी मारी आणि सावकाश उतरे. "सांधा गळतोय," तो म्हणाला. रविवारभर गुडघ्यांवर बसून त्यानं सगळ्या पट्ट्या बदलल्या. सोमवारी दुपारी पुन्हा अकरा.

मंगळवारी सुगत झोपल्यावर मी वही उघडली होती, तेवढ्यात सर्व्हिस यार्डातून कडीचा आवाज आला. जाऊन बघते तर पेटीचं दार सताड उघडं. आई समोर उकिडव्या बसलेल्या, हातात तांब्या. कुंडीभोवती त्यांच्या जुन्या सुती पातळाचा तुकडा नीट गुंडाळलेला.

"आई?"

"हळू बोल, लेकरू उठन."

"काय करताय हे?"

"पाणी देतो आहे. कोमट हाय. एवढ्या थंडीत गार पाणी कोण पितं?"

"रोज?"

"रोजच. तुम्ही सगळे जेवता आणि हे उपाशी. फ्रिजात कोंबलं, वरून दार लावलं. कायले असं करता वो तुम्ही?"

मला हसू आलं आणि तसंच विरलं. मी खाली बसले. सांगितलं, की हे झोपेत पीत नाही. पाणी तसंच साचतं, मुळं कुजतात. आणि रोज दार उघडलं की त्याची झोपमोड होते.

आईंनी तांब्या बाजूला ठेवला. "मंग मीनं मारलं का त्याले?"

"माहीत नाही."

मी शेंड्यापाशी नखानं साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. थोडं खाली, तसंच. अगदी बुंध्याजवळ मात्र बारीक हिरवी रेघ. आईंनी ती वाकून बघितली आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरलं.

कुंडी उलटी केली तर चिखल निघाला, कुबट वासाचा. आईंनी मुळं सुगतच्या टबात धुतली, बाळाची मान धरावी तशी बुंध्याला बोटं लावून. मऊ पडलेली मी कात्रीनं काढत गेले. उरली ती कोरड्या, भरड मातीत लावली, पेटीत ठेवली, कडी लावली.

"जान्हवीला इतक्यात नको सांगूया," मी म्हटलं.

"तिचं झाड आहे. तिलेच सांगतो."

शाळेची बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी तिला सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही, कोमट पाणीसुद्धा. जान्हवीचा चेहरा लालबुंद झाला. "आजी! हाऊ कॅन यू!" ती खोलीत गेली आणि जेवतानाही आजीकडे बघेना. आईंनी तिच्या ताटात भात वाढला, समजूत घातली नाही. नागसेन मध्ये पडायला लागला तर त्यालाच म्हणाल्या, "रागावू दे तिले. कारण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हिस यार्डातून जान्हवीचं सिंगापुरी इंग्रजी ऐकू आलं.

"आजी, हात मागे. लुक ओनली लाह."

"हे घे, मागे."

"वॉटर नो. ब्लँकेट नो."

"बरं माय."

त्यानंतर रोज शाळेआधी दोघी तशाच उभ्या, हात पाठीमागे. तापमानाची रेघ सरळ झाली. आईंना मात्र ते सोपं नव्हतं. तिथून जाताना त्यांचा हात कडीकडे जायचा आणि त्या तो पदराला पुसायच्या.

झाडाची झोप पुरी व्हायच्या आधीच आईंच्या इथं राहायच्या पासची मुदत संपली. विमानतळावर त्या सुगतचा मुका घेऊन म्हणाल्या, "नाही उठलं तर सांगजो. लपवू नको."

मग आम्ही हळूहळू अंश वाढवत नेले. आठ, दहा, चौदा. शेंडा काळा पडून मोडला. वीस अंशांवर आठवडाभर काहीच नाही. नागसेन पेटी उकलायचं बोलू लागला. जान्हवी म्हणाली, "वेट."

बुंध्याच्या अगदी खाली, मातीला टेकून, सालीवर एक फुगवटा दिसला. चार दिवसांनी त्यातून मिटलेली दोन पानं, वरून लव असलेली.

आम्ही नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. जान्हवीनं फोन मातीत बुडेल इतका खाली नेला. "आजी, सी! ग्रीन!"

पलीकडे आई चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "जान्हवी, आता त्याले पाणी चालते का?"

जान्हवीनं माझ्याकडे बघितलं. मी होकारार्थी मान डोलावली.

"चालते," ती आजीच्याच हेलात म्हणाली. "थोडं."

"थोडंच दे," आई म्हणाल्या.