अकरा घरांचं वैर

मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहे. शाळा तपासनीस होते तोवर सत्तावीस वर्षं ती खोड कर्तव्यात मोडत होती. निवृत्त झाले आणि घरातले म्हणायला लागले, रंभाबाई, नसत्या चौकशा पुरेत. त्यामुळे त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या काही मंडळींनी ग्रामीण भागासाठी एक विकास निधी उभा केला आणि प्रमुख व्हाल का म्हणून मला विचारलं, तेव्हा मी काम काय आहे हेही न विचारता हो म्हणून टाकलं. मला फक्त पुन्हा गावं बघायची होती.

काम मात्र मोठं निघालं. लागोपाठच्या दुष्काळात लोकांनी खाण्याची ज्वारी खाल्ली आणि ती संपल्यावर बियाण्यासाठी ठेवलेलीही खाल्ली होती. त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला, पण सप्टेंबरात रब्बीची पेरणी करायची तर बी कुठून आणायचं? ते आमचा निधी देणार होता. पीक आलं की घेतलेल्यापेक्षा थोडं जास्त धान्य गावानं एका सामाईक पत्र्याच्या कोठीत ठेवायचं, म्हणजे पुढच्या वाईट वर्षी कुणावर बी शिजवायची पाळी येणार नाही. अट एकच होती आणि ती माझीच: गावात एकी हवी. भांडखोर गावात सामाईक वस्तूचं काय होतं, हे मी शाळांच्या फुटक्या कौलांवरून शिकले होते.

गावांची पाहणी श्रीमंतरावांनी केली. हे गृहस्थ माळशिरसचे, चाळिशीचे, शेतकी खात्यातून आमच्याकडे आलेले. अक्षर सुरेख, स्वभाव इतका लाजाळू की बायामाणसांशी बोलताना चपलेकडे बघत. कन्नड मात्र अजिबात येत नव्हतं. त्यांच्या बारा गावांच्या यादीत कन्नड मुलखाच्या हद्दीवर, दुधनीजवळ असलेल्या हंदरगीपुढे शेरा होता: 'एकी नाही. अकरा घरांत पिढीजात वैर. स्थानिक शब्द: हगे.'

मी हंदरगीवर लाल रेघ मारली. पण एकदम दार बंद करू नये म्हणून सरपंचांना पत्र लिहिलं. त्यांच्याच बोलीतला शब्द वापरला तर आपलेपणा वाटेल, असं मला वाटलं, आणि ते सुचल्याबद्दल स्वतःचं कौतुकही वाटलं. मी लिहिलं: 'आपल्या गावातील हगे पहिल्यांदा मातीत गाडून टाकावे. सर्व अकरा घरांनी तसे केल्याचे कळताच बियाणे पाठवू.' खाली सही आणि निधीचा गोल शिक्का.

पत्र जाऊन आठ दिवस झाले असतील. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून मी श्रीमंतरावांची पाहणीची वही उघडली. यादीत फक्त शेरे होते, वहीत लोक काय बोलले ते होतं. हंदरगीच्या पानावर मी थांबले.

'हगे पणजोबांपासूनचे. लिंगायतांच्या घरी आहे, मुसलमानांच्याही घरी आहे. वर्षातून एकदा उघडतात. उघडल्यावर अर्धा दिवस कुणी जवळ जात नाही. आधी आत कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही, उतरला तर मरतो. दुष्काळात सर्वांनी मिळून एकेक करून उघडले.'

भांडणं मी पुष्कळ पाहिली आहेत. बांधावरची पाहिली, पंक्तीतल्या मानापानाची पाहिली, एका शाळेच्या घंटेवरून दोन आळ्यांनी सात वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेलं पाहिलं. पण ज्यात आधी कंदील सोडावा लागतो असं वैर काही पाहिलं नव्हतं. मी श्रीमंतरावांना बोलावलं.

"हे वैर सगळ्यांनी मिळून कसं काय उघडलं हो?"

"मलाही ते नीटसं कळलं नाही, बाई."

"मग विचारलं का नाही?"

ते चपलेकडे बघायला लागले. "शब्द असा होता, बाई... समोर सगळ्या बायकाच बसलेल्या. तो शब्द पुन्हा उच्चारून अर्थ कसा विचारायचा? म्हणून इथं आल्यावर वाचनालयातला कन्नड कोश पाहिला. त्यात स्पष्ट दिलंय. हगे म्हणजे वैर, शत्रुत्व."

मराठी कानाला तो शब्द कसा लागतो हे मी सांगायला नको. मला हसू आलं, पण श्रीमंतरावांचे कान लाल झाले होते म्हणून ते दाबलं. असलं वैर बघितल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं दुधनीला उतरले आणि पुढं बैलगाडी केली.

हंदरगीत शिरले तर सगळं गाव कामाला लागलेलं. बाया डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन चालल्या होत्या, गडी मुरूम खणत होते. वेशीतच सरपंच महादेवप्पा भेटले. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कोपरापर्यंत माती. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी घाईघाईनं हात पुसले.

"या की बाईसाहेब. तुमच्या पत्रापरमानंच चाललंय. नऊ झाली. धाव्याचं काम चालू हाय."

"नऊ झाली? इतक्यात?"

"व्हय. पेरनीला दिवस कुटं राहिल्यात? बी तर पायजे की."

खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. पिढ्यान्‌पिढ्यांची नऊ वैरं माझ्या एका पत्रानं आठवड्यात मिटली होती. निधीच्या पुढच्या बैठकीत हे कसं सांगायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी मनात जुळवली. पाट्यांकडे माझं लक्षच नव्हतं.

"आणि अकरावं?"

"त्ये निंगव्वाचं." महादेवप्पांनी आवाज खाली आणला. "ती ऐकना झालीय. काल सकाळधरनं त्येच्यावर बसून हाय. तिच्या एकटीपायी गावाचं बी अडायला नगं. तुमी सांगून बगा."

असं सांगण्यात मी पटाईत होते. निंगव्वा तिच्या घरासमोर एका सपाट फरशीवर मांडी घालून बसली होती. सत्तरीची, कपाळाला विभूती, मांडीवर काठी. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"अव्वा, किती वर्षं जपायचं हे?"

"माज्या सासूच्या सासूनं जपलंय. मी का सोडू?"

"पण पोटात ठेवून काय मिळालं?"

"काय मिळालं?" ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. "पोटात ठेवलंवतं म्हनून गाव जगलं की."

"मातीत गाडून टाका. मोकळ्या व्हाल."

"मोकळं तर गेल्या सालीच झालंय. तळ लागला. आता भरायचं सोडून गाडा म्हनतीया ही बाई!"

आम्ही दोघी एकमेकींशी बोलत होतो, प्रत्येक शब्द कळत होता आणि अर्थ मात्र कुठंच लागत नव्हता. शेवटी मी, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं.

"अव्वा, तुमचं हगे आहे तरी कुणाशी?"

"कुनाशी? कुनाशी कसं असंल? हितं खाली हाय."

ती उठली. दोघा गड्यांनी फरशी सरकवली. खाली माणूस जेमतेम उतरेल एवढं गोल तोंड होतं. आतली कोंडलेली विषारी हवा निघून जाऊ दिल्यावर निंगव्वानं दोरीला बांधलेला कंदील हळूहळू आत सोडला. तोंड अरुंद, पण खाली पोट केवढं तरी मोठं, घागरीसारखं. भिंतींना कडब्याचं अस्तर. कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. आतून जुन्या ज्वारीचा उबट वास वर आला.

पेव. आमच्या बार्शीकडे याला पेव म्हणतात. जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार.

मी मागं वळून पाहिलं. त्या पाट्या, तो मुरूम, रस्त्याच्या कडेला ताज्या मातीचे गोल गोल नऊ डाग. बी मिळावं म्हणून या लोकांनी बी ठेवायची जागाच बुजवली होती आणि ती मी बुजवायला लावली होती. मी तिथंच पेवाच्या काठाला हात टेकून बसले.

"थांबवा," मी म्हणाले. "महादेवप्पा, ते काम आधी थांबवा."

पाट्या खाली आल्या. लोक भोवती जमले. मी सगळं सांगितलं: वही, कोश, लाल रेघ, एकीची अट. माझ्या तोंडून 'वैर' हा शब्द आला तेव्हा महादेवप्पांनी कपाळावर हात मारला.

"व्हय की! भांडनालाबी हगेच म्हनत्यात आनि ह्यालाबी हगेच. आमच्या ध्येनातच आलं न्हाय."

"पण तुम्ही तरी कसं ऐकलंत?" मला राहवेना. "असलं पत्र आल्यावर कुणी विचारायला का आलं नाही?"

"हापिसाला काय इचारायचं, बाईसाहेब? गेल्या साली खडी फोडा म्हनले, फोडली. त्या खडीचा रस्ता अजून कुटं हाय? औंदा खड्डे बुजवा म्हनले. आमाला वाटलं, आता ह्येच काम निघालं असंल."

यावर कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सर्वांत मोठ्यानं हसली ती खातूनबी नावाची एक बाई. तिच्या घरासमोरचं पेव बुजवताना आतली भिंत ढासळली होती, ते आता पुन्हा उघडण्याजोगं राहिलं नव्हतं, हे मला मागून कळलं. बहात्तर साली गावातलं सर्वांत शेवटी उघडलेलं पेव तिचंच. ज्यांच्या घरी पेव नव्हतं त्यांनाही त्यातली ज्वारी मापानं वाटून दिली होती. मी ज्या गावाला एकी नाही म्हणून खोडलं, ते हे गाव.

निंगव्वा हसली नाही. तिनं कंदील वर ओढला, वात खाली केली आणि मला म्हणाली, "एवडी शिकलेली बाई तू. येक शबुद इचारायला काय पडत हुतं?"

जन्मभर मी चौकशीखोर म्हणून मिरवले. शाळेच्या माठातलं पाणी कधी भरलं तेसुद्धा विचारलं. आणि इथं, जिथं विचारायला हवं होतं तिथं गोल शिक्का मारून मोकळी झाले. मला फार लाज वाटली. ती मी तिथंच सगळ्यांसमोर बोलून दाखवली.

"चुकलं माझं, अव्वा. बी येत्या सोमवारी येईल. अट नाही."

"अट हाय," निंगव्वा म्हणाली. "आमची हाय. ती पत्र्याची कोटी नगं. पत्रा उनानं तापतंय, दान्याला कीड लागतीया. गावाचं दानं माज्या हगेत ठिवायचं. आनि ही माती काडायला तूबी लागायचं."

मी पदर खोचला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी चार पाट्या माती उपसली आणि पाचवीला माझी कंबर धरली. खातूनबीनं हाताला धरून मला बाजेवर बसवलं, वर घोंगडी घातली आणि उरलेलं काम बघायला लावलं. ते मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत अगदी बारकाईनं बघितलं: भिंत कशी सारवतात, कडबा कसा उभा लावतात, तोंड कशानं लिंपतात. या वेळी एकेक गोष्ट विचारून घेतली.

सोलापूरला आल्यावर श्रीमंतरावांना सांगितलं तेव्हा ते तडक उठले. वाचनालयात जाऊन तो कोश घेऊन आले आणि माझ्यासमोर उघडला. 'हगे: १. वैर, शत्रुत्व' इथं पान संपत होतं. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती: '२. धान्य साठवण्याचे पेव.'

"मी उलटलंच नव्हतं, बाई," ते म्हणाले. मी त्यांना रागावू शकले नाही. मी तर कोश उघडलाही नव्हता.

सोमवारी बी गेलं. पेरणी वेळेवर झाली. आठ पेवं पुन्हा मोकळी झाल्याचं मध्यंतरी कळलं. अर्धवट बुजलेलं दहावंही साफ झालं. खातूनबीच्या पेवाबद्दल कुणी काही लिहिलं नाही आणि विचारायचा धीर मला झाला नाही. ते माझ्या मनातून मात्र जात नव्हतं.

मार्चमध्ये कार्ड आलं. अक्षर महादेवप्पांचं, सांगणारी निंगव्वा. श्रीमंतरावांनीच ते मला वाचून दाखवलं:

'बाईस नमस्कार. ज्वारी चांगली झाली. दहा हगे भरली. गावाचं धान्य ठरल्याप्रमाणे माझ्या हगेत आहे. खातूनबीचं पडलं ते पडलं. त्याच्या शेजारी गावानं मिळून एक नवं खणलं, तेही भरलं. त्याला सगळे फंडबाईचं हगे म्हणतात. ते एक सोडलं तर तुमच्याशी आमचं दुसरं हगे नाही. एकदा येऊन बघून जावं.'

श्रीमंतरावांनी तो शब्द चारही वेळा न अडखळता वाचला. मी दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरची दोन तिकिटं काढायला सांगितली.