मास्तरचा पूर्वभाग

वैदेहीने मोबाइलवरचा सिनेमा पुन्हा थोडा मागे नेला. विहिरीच्या काठावर गुडघे टेकून बायकोच्या नावाने पाण्यात फुलं सोडणारा विधुर मास्तर. ह्या प्रसंगाला ती हमखास रडायची. लग्नाआधी वरदबरोबर हाच सिनेमा पाहिला होता. स्वतःच्या गेलेल्या बायकोच्या आठवणीने थिएटरात डोळे पुसणारा हा माणूस आपल्यालाही जपेल, असं तिच्या मनाने तिथल्या तिथे घेतलं होतं.

काल दोघं त्याच सिनेमाचा पूर्वभाग पाहून आली. मास्तरच्या तरुणपणाची गोष्ट म्हणे. त्यात शेवटी मास्तरच बायकोला विहिरीत ढकलतो.

जुन्या सिनेमातलं एक चित्रही बदललेलं नव्हतं. पण फुलं सोडण्याआधी मास्तर वाकून खोल पाण्यात बघतो, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं. जणू खात्री करून घेत होता. तिने सिनेमा बंद केला.

"ओटी झाली का तयार?" वरद दारात उभा होता.

आज अविधवा नवमी, सवाष्णपणी गेलेल्या बायकांची तिथी. वरदची पहिली बायको पद्मजा काही वर्षांपूर्वी बागेतल्या विहिरीत पाय घसरून गेली. तिच्या नावाची ओटी खरं तर बाईमाणसाने भरायची. पण वैदेहीने ताट लावून द्यायचं आणि वरदने एकट्यानेच ते विहिरीवर न्यायचं, असं लग्न झाल्यापासून चाललं होतं. तिला तो विहिरीकडे फिरकूही द्यायचा नाही.

"नशीबवान हो तू," शेजारच्या गोदावहिनी म्हणायच्या. "मेलेल्या बाईवर एवढी माया कोण करतंय?"

वैदेहीलाही ते पटायचं. एका सिनेमापायी आपण नवऱ्यावर संशय घेतोय, ह्याची तिला आता लाज वाटली. तिने नारळाला कुंकू लावलं.

"कालचा सिनेमा उगाच पाह्यला," ती म्हणाली. "पहिल्याची सगळी गोडी घालवलीनी."

"खोटा होता तो."

तिला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. "नाहीतर काय! असा माणूस ढकलेल का कधी?"

"ढकलायचं कशाला?" ताटातली सुपारी सरळ करत वरद म्हणाला. भाताला पाणी किती घालायचं ते सांगावं, तसा त्याचा आवाज होता. "बाई आपसूक घसरते. हाका मारते. त्याने नुसतं माडाखाली बसून राहायचं, हाका थांबेपर्यंत. तेवढंच दाखवायला हवं होतं."

वैदेहीने कुंकवाच्या करंड्याला झाकण लावलं.

"ह्या वर्षी तूही चल," तो म्हणाला. "ओटी बाईनेच भरावी. मी पुढे होतो, काठावर शेवाळ धरलंय का बघतो."

तो बागेत उतरला. वैदेहीने आत जाऊन देवरूखला भावाला फोन लावला.

"गुरुदादा, मला न्यायला ये."

"आज? पितृपक्षात माहेरी कोण येतं गं? वरदरावांना विचारलंस का?"

"नाही. तू आत्ता नीघ."

गुरुप्रसादने तिकडे कुणाकडे तरी गाडीची किल्ली मागितली. मग म्हणाला, "निघालो."

"वैदेही, येत्येस ना?" बागेतून हाक आली.

"आल्ये," ती मोठ्याने म्हणाली. चपला हातात घेतल्या आणि पुढच्या दाराने ती रस्त्याला लागली.