एक ‘ल’ जास्तीचा

फ्लॉरेन्सच्या शब्दकोशाच्या कचेरीत एग्ले वान्नुच्चीची एकोणीस वर्षं गेली होती. ‘कालेरे’ हे इटालियन क्रियापद आपल्याच वाट्याला येणार, हे ती धरूनच चालली होती. बोलण्यातून केव्हाच गेलेलं, जुन्या कवितेत तेवढं उरलेलं. अर्थ, पर्वा वाटणं. लॅटिनमध्ये मात्र त्याचा अर्थ ऊबदार असणं, तापणं. धगीपासून पर्वेपर्यंतचा हा प्रवास कसा मांडायचा, हे एग्लेने मनात कितीदा तरी घोळवलं होतं.

कोशाचे प्रमुख प्रोफेसर तोर्कियानींनी ती नोंद दिली मारिलेनाला. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या पोरीला!

“नव्या माणसालाही संधी द्यायला हवी,” ते म्हणाले. “तुम्ही मुद्रितं तपासा, एग्ले.”

“तपासते की. झाडलोटही करू का?”

प्रोफेसर हसले. पण मारिलेनाशी बोलताना ते जसे खळखळून हसत, तसे नाही.

त्या नोंदीचं मुद्रित आलं. व्युत्पत्तीपाशी एग्ले थबकली. लॅटिन ‘कालेरे’ऐवजी ‘काल्लेरे’ पडलं होतं. एक ‘ल’ जास्त, आणि अर्थ भलताच: निष्णात असणं. तिने लाल पेन्सिल उचलली. काचेपलीकडे प्रोफेसर मारिलेनासाठी स्वतः खुर्ची ओढत होते. पेन्सिल खाली ठेवून एग्लेने मुद्रितावर सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी मारिलेना धापा टाकत छापखान्यातून आली. “छपाई थांबवली! तो जास्तीचा ‘ल’ ऐनवेळी दिसला. चूक माझीच, प्रोफेसर.”

“पण सही तुमची आहे, एग्ले,” प्रोफेसर म्हणाले.

“नजरेतून सुटलं.”

“डोळे तपासून घ्या. उद्याच जा. तोवर मुद्रितं मारिलेना बघेल.”

जिन्यात मारिलेनाने तिला गाठलं. “तुमच्या नजरेतून साधा स्वल्पविरामसुद्धा सुटत नाही, सिन्योरा. तुमच्या हाताखाली शिकायला मिळेल म्हणून मी इथे आले होते.” आणि उत्तराची वाट न बघता ती वर निघून गेली.

चष्मेवाल्याकडे एग्लेने तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढी ओळही घडाघडा वाचली.

“वा! विशीतल्या मुलीचे डोळे आहेत तुमचे,” तो कौतुकाने म्हणाला.

एग्ले खुर्चीतून उठली नाही. पर्सचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली.

“थोडं कमी दिसतं,” ती हळूच म्हणाली, “असं लिहून द्याल का?”