कळव्याच्या कमलताई

"सर, या दोन आकड्यांची बेरीज करायचीच नाहीये," तेजल तिसऱ्यांदा म्हणाली.

मुलुंडमध्ये घरकाम करणाऱ्या बायका किती, एवढंच त्यांच्या संस्थेला शोधायचं होतं. सोसायट्यांच्या गेटवरच्या वह्यांमधून काही बायका निवडल्या, त्यावरून अंदाज निघाला तेवीसशे. डोंगराखालच्या वस्तीतल्या घरांच्या यादीतून काही निवडल्या, अंदाज एकोणीसशे. नंदकुमार सरांनी अहवालात बेचाळीसशे लिहूनही टाकले होते.

"वस्तीत राहून सोसायटीत कामाला जाणारी दोन्ही याद्यांत आहे. ती दोनदा मोजली जातेय. प्रत्येकीला विचारायला हवं. दोन्हीकडे असेल तर इकडून अर्धी, तिकडून अर्धी धरायची."

"अर्धी बाई?" सर वैतागले. "विचार काय ते. आठ दिवस देतो."

तेजल सोसायट्यांमध्ये दारोदार फिरली. तीन दिवसांत चौसष्ट फॉर्म भरले आणि वस्तीत राहणाऱ्या निघाल्या फक्त पाच. असं कसं?

चौथ्या दिवशी एका इमारतीत सहाव्या मजल्यावर कुंदाताई नावाच्या मालकीणबाईंनी तिला कौतुकाने सोफ्यावर बसवलं, स्वतःही बसल्या आणि आतून बाईला हाक मारली. ओल्या हातांनी बाहेर आल्या त्या कमलताई. मंगळवारीच, वस्तीतल्या घरांची यादी पडताळताना, तेजलने त्यांच्या घरी चहा घेतला होता.

"कुठे राहता?"

"कळव्याला," कमलताई डोळे वटारत म्हणाल्या. तेजलने मुकाट्याने कळवा लिहिलं.

जिन्यात कमलताईंनी तिला गाठलं. "वाट लावली असती ना ताई माझी! वस्तीत राहते कळलं की रविवारी पण फोन. पाच मिनिटांवर तर आहेस, जरा येऊन जा. दोन वर्षं झाली, मी कळव्याची आहे."

"आणि बाकीच्या?"

"रुक्मिणी भांडुपची, श्रुतिका ऐरोलीची. सगळ्या माझ्याच गल्लीतल्या."

तेजलने हातातले फॉर्म चाळले. एकूण एक फॉर्म मालकिणीसमोर भरलेला! एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये? स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं तिला वाटलं.

मग दुपारी एक वाजता, बायका घरी निघायच्या वेळी, ती गेटबाहेर उभी राहू लागली. वॉचमन हुसकावायचा. बायका फिस्कारायच्या, "परवा सांगितलं ना एकदा! किती डोकं खाणार?" शेवटी कमलताईच मध्ये पडल्या. "अगं, खरं सांगा हिला. ही वर जाऊन बोलत नाही."

तेव्हा कुठे उत्तरं बदलली. दोन्ही याद्यांत असलेल्या बायका तेराशेच्या आसपास निघाल्या आणि एकूण अंदाज आला एकोणतीसशे.

"मीटिंगमध्ये बेचाळीसशे सांगून बसलोय मी!" सर ओरडले. "तेराशे बायका गेल्या कुठे?"

"कुठे जातील, सर? त्या नव्हत्याच."

सरांनी चिडून आकडा खोडला आणि नवा लिहिला. संध्याकाळी निघताना मात्र एक गठ्ठा तिच्या टेबलावर आपटला.

"घाटकोपरचे फॉर्म. छापायला टाकायच्या आधी बघून दे."

तेजलने पेन उघडलं आणि पहिल्या पानाच्या वरच्या बाजूला लिहिलं : प्रश्न घराबाहेर विचारावेत.