सावल्या उजळ दाखवणारं मशीन

फाटके, विटलेले, पाणी लागलेले जुने फोटो दुरुस्त करून द्यायचे, हा त्या दोघी बहिणींचा धंदा, आणि त्या धंद्यात बावीस वर्षं चाललेलं एकच भांडण. कॉम्प्युटर दोन: ताईचं मशीन पांढरं, धाकटीचं काळं. दोन वेगळ्या कंपन्यांची, दोन वेगळ्या वळणांची. एकाची फाईल दुसऱ्याला सुखासुखी पचेल तर शपथ. फोटोंवरचं नाजूक काम ताई पांढऱ्यावर करायची. पत्रं, गिऱ्हाइकांचे निरोप, छपाई, हे रोजचं सगळं धाकटीच्या काळ्यावर.

"तुझ्या डब्यावर माणसं अमावस्येला उभी केल्यासारखी दिसतात," ताई म्हणायची.

"आणि तुझं नुसतं दिसायला गोरंगोमटं. साधं पत्र छापायला सांगितलं की नाक मुरडतं," धाकटीचं उत्तर तयारच असायचं.

ताईला जाऊन चार महिने झाले होते. भांडायला कोणी उरलं नाही, तेव्हा धाकटीला कळलं की दिवसभरातलं आपलं निम्मं बोलणं या भांडणातच व्हायचं. आता दोन्ही मशीनं समोरासमोर गप्प बसलेली असत आणि मध्ये ती.

सकाळी मशीन दुरुस्त करणारा गृहस्थ येऊन गेला. पन्नाशीचा, तोंडात सतत बडीशेप.

"पांढऱ्याची कंपनी आता ह्याला विचारत नाही, मॅडम. एक तर त्याच घराण्यातलं नवं घ्या, नाहीतर सगळं काळ्यावर आणा. मी म्हणतो, काळ्यावर आणा. रोजचं काम तिथंच आहे तुमचं. फोटो चपटे करून हलवतो."

"चपटे म्हणजे?"

"तुमच्या ताई एकेका फोटोवर वीस-वीस थर चढवायच्या. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. ते सगळे एकजीव करून टाकायचे. छापल्यावर दिसतो तसा फोटो राहतो, फक्त आतलं काही वेगळं काढता येत नाही."

"चालेल," धाकटी म्हणाली. तिला त्या पांढऱ्या मशीनचं प्रेम कधीच नव्हतं. खरं सांगायचं तर धाक होता, आणि तो का होता हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. चार वाजता येतो म्हणून तो गेला.

फोटो हलवायच्या आधी एकदा बघून घ्यावं म्हणून ती ताईच्या खुर्चीत बसली. सवयीने करंगळी कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या बटणावर गेली आणि काहीच झालं नाही. ह्या मशीनवर तेच काम शेजारच्या बटणावर अंगठ्याने करायचं असतं. ताईने हे तिला शंभरदा सांगितलं असेल.

तिने एक ओळखीचा फोटो उघडला. शिंप्याचं दुकान, कपडे बेतायचं टेबल, मागे आतल्या खोलीचं दार. हा फोटो तिने स्वतः तीनदा छापला होता. ते दार काळंकुट्ट होतं, त्यात काही नव्हतं, हे ती झोपेतही सांगू शकली असती.

दारात कोणीतरी उभं होतं.

चार वर्षांची असेल मुलगी. एक हात चौकटीवर, आणि नजर सरळ धाकटीवर. धाकटीने चष्मा पुसून पाहिलं. कपाटातून गिऱ्हाइकाच्या मूळ फोटोची प्रत काढून शेजारी धरली. प्रतीत नुसता अंधार होता. तिने दुसरा फोटो उघडला: सायकल धरून उभी असलेली कोणाची तरी मावशी. मागच्या जिन्याखाली तीच मुलगी. तिसऱ्यात लग्नातली माणसं ओळीने बसलेली, आणि खुर्च्यांच्या मागच्या सावलीत ती. काळ्या मशीनवर आणि कागदावर मरून जाणाऱ्या सावल्या ह्या म्हाताऱ्या पांढऱ्यावर उजळ दिसत होत्या, आणि प्रत्येक सावलीत ती होती. अंगातल्या फ्रॉकला मोठे दोन खिसे होते.

ते खिसे धाकटीने ओळखले. तो फ्रॉक तिनेच शिवला होता.

ठकू. ताईची मुलगी. तीन दिवसांच्या तापात गेली, बावीस वर्षांपूर्वी. बापाने ती दोन महिन्यांची असतानाच काढता पाय घेतलेला, त्यामुळे ठकू या दोघींचीच. नवा कॅमेरा आला होता तेव्हा. सगळे फोटो ताईच्या डिस्कवर. दुसऱ्यांचे फोटो जिवापाड जपणाऱ्या घरात स्वतःच्या पोरीचा एकही फोटो कागदावर नव्हता. ताई जेवेना, बोलेना. तिच्यासाठी एक अल्बम छापून आणावा म्हणून धाकटीने ती डिस्क गुपचूप काळ्या मशीनला लावली. मशीन म्हणालं, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? फॉरमॅट म्हणजे नीटनेटकं करणं, अशी तिची समजूत. ती हो म्हणाली.

डिस्क अगदी नीटनेटकी झाली. तिच्यात काहीच उरलं नाही.

ताईने आकांत केला नाही. "तुझं मशीन माझ्या डिस्कला ओळखत नाही," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिची कामाची फाईल काळ्यावर कधी आली नाही. छपाईला यायचा तो तयार फोटो. धाकटीने तिची कधी माफी मागितली नाही. मागायला तोंडच उघडलं नाही.

आता ती एकामागून एक फोटो उघडत राहिली. भीती होती, पण भीतीपेक्षा वेगळं काहीतरी तिला डाचायला लागलं. फ्रॉक प्रत्येक ठिकाणी तोच, चेहरा मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा. इथे डोळे फार मोठे. तिथे हनुवटी टोकदार. एका फोटोत कपाळ बरोबर होतं, तर पुढच्या दहांत तेही हरवलेलं. शेकडो फोटो, शेकडो चेहरे, आणि एकही ठकू नाही.

मग तिला ताईचे प्रश्न आठवले. वर्षातून तीन-चारदा, भाजी निवडताना नाहीतर खिडक्या लावताना, ताई सहज विचारल्यासारखं विचारायची. "ठकूचे कान कसे होते गं? बाहेर होते की चिकटलेले?" "तिचा पुढचा दात जरासा आडवा होता ना?" धाकटीला वाटायचं, ही आपल्याला टोचतेय. डिस्कची आठवण करून देतेय. ती चटकन म्हणायची, "जाऊ दे ना ताई, जुनं कशाला उकरून काढतेस?" आणि दुसऱ्या खोलीत जायची.

ताई टोचत नव्हती. ताई विसरत चालली होती, आणि विचारत होती.

आणि धाकटीला सगळं आठवत होतं. रोज आठवत होतं. केलेल्या चुकीने तिला त्या चेहऱ्यातलं काही विसरूच दिलं नव्हतं.

शेवटची फाईल अर्धवट होती. कोणाचं तरी अंगण, सुकत घातलेल्या चादरी, चादरींमागे गडद सावली. सावलीत फ्रॉक, खिसे, हात, पाय. मानेच्या वर कोरी राखाडी जागा. बाजूला थरांची यादी होती. ताई प्रत्येक थराला नाव द्यायची: चादर, भिंत, ओरखडा. सगळ्यात वरच्या थराला नाव होतं, "धाकटीला विचारायचं".

दार वाजलं तेव्हा चार वाजले होते.

"करायचं ना सुरू?" दुरुस्तीवाल्याने बॅग खाली ठेवली.

"नाही. हे इथंच राहील."

"अहो मॅडम, हे आज ना उद्या बंद पडणार. मग आतलं सगळं जाईल."

"किती दिवस चालेल?"

"आठवडा चालेल, वर्ष चालेल. मी काय सांगणार?"

"तोवर मला काम आहे," ती म्हणाली. त्याने खांदे उडवले आणि बॅग उचलली.

दार लावून ती परत येऊन बसली. पांढऱ्या मशीनचा पंखा धापा टाकल्यासारखा घरघरत होता. तिला चित्र काढता येत नव्हतं. मशीनवर पत्रं आणि छपाई यापलीकडे तिने काही केलं नव्हतं. करंगळी पुन्हा कोपऱ्यात गेली. तिने ती मागे घेतली आणि अंगठा टेकवला. कोरी राखाडी जागा पडदाभर मोठी झाली.

"आडवाच होता, ताई," ती मोठ्याने म्हणाली. "डावीकडचा. आणि कान चिकटलेले."

मग तिने दातापासून सुरुवात केली.